'ॲक्सेप्ट ऑल' दाबल्यावर नेमकं काय होतं? कुकीची पट्टी, युरोपचा धडा आणि भारताचा नवा कायदा

व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर कुणीतरी बातमीची लिंक टाकतं. लिंक उघडली की बातमी दिसण्याआधी स्क्रीनच्या खालून एक पट्टी वर येते. 'आम्ही आणि आमचे भागीदार कुकीज वापरतो' अशा अर्थाचा बारीक अक्षरांतला मजकूर, बहुतेक वेळा इंग्रजीत. त्याखाली मोठं, ठळक रंगाचं बटण असतं, 'ॲक्सेप्ट ऑल'. शेजारी फिकट अक्षरांत 'मॅनेज ऑप्शन्स'. अर्धा स्क्रीन झाकलेला असतो आणि वाचणाऱ्याला बातमी हवी असते. बोट आपोआप मोठ्या बटणावर जातं. पट्टी नाहीशी होते आणि पुढच्या दोन सेकंदांत ती विसरलीही जाते.

पण त्या दोन सेकंदांत वाचणाऱ्याने एक परवानगी दिलेली असते. कुणाला, कशासाठी आणि किती काळासाठी, हे मात्र बहुतेकांना सांगता येणार नाही.

आतापर्यंत भारतात अशा पट्टीमागे फारसं कायद्याचं बळ नव्हतं. अनेक वेबसाइट्स ती परदेशी वाचकांसाठी लावत आणि भारतीयांनाही ती दिसत असे. आता चित्र बदलतंय. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम केंद्र सरकारने १४ नोव्हेंबर २०२५ रोजी अधिसूचित केले. त्यांतल्या मुख्य तरतुदींसाठी कंपन्यांना १८ महिन्यांची मुदत आहे. म्हणजे नियमांनुसार मे २०२७ पासून वेबसाइट असो की ॲप, माहिती घेण्यापूर्वी भारतीय वापरकर्त्याची रीतसर संमती मागणं हा कंपन्यांसाठी नेहमीचा मार्ग ठरेल.

गंमत म्हणजे भारताचे नियम आल्यानंतर पाचच दिवसांनी, १९ नोव्हेंबरला, युरोपियन कमिशनने आपल्याकडच्या कुकीच्या पट्ट्या कमी करण्याचा प्रस्ताव मांडला. जो प्रयोग भारतात सुरू होतोय, त्याला युरोप कंटाळलाय. असं का झालं? आणि भारत त्यातून काय शिकू शकतो?

कुकी आली कुठून?

वेबची मूळ रचना विसरभोळी आहे. ब्राउझरने पान मागितलं की सर्व्हर ते पाठवतो आणि मागणारा कोण होता हे विसरतो. तोच माणूस पुढच्या क्षणी दुसरं पान मागतो तेव्हा सर्व्हरच्या दृष्टीने तो नवखाच असतो. नुसती पानं वाचायची असतील तर यात काही अडचण नाही. पण ऑनलाइन खरेदी करायची असेल तर? पिशवीत टाकलेली वस्तू पुढच्या पानावर गायब होणार.

१९९४ मध्ये नेटस्केप कंपनीत काम करणाऱ्या लू माँटुली या तरुण इंजिनिअरने यावर तोडगा काढला. वेबसाइटने एक छोटी नोंद वापरणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये ठेवायची आणि पुढच्या भेटीत ब्राउझरने ती परत दाखवायची. बाहेर चप्पल ठेवल्यावर मिळणाऱ्या बिल्ल्यासारखं हे होतं. बिल्ल्यावर नाव नसतं, फक्त क्रमांक असतो. त्या काळच्या प्रोग्रामरांमध्ये 'मॅजिक कुकी' हा शब्द रूढ होता, त्यावरून या नोंदीला 'कुकी' म्हटलं गेलं.

प्रत्येक ब्राउझरला एक कायमचा ओळख क्रमांक द्यावा, हा पर्यायही तेव्हा समोर होता. पण तसा क्रमांक सगळ्या वेबसाइट्सना दिसला असता आणि माणूस कुठे कुठे फिरतो ते कळलं असतं. म्हणून तो मार्ग टाळला गेला. एका वेबसाइटची कुकी दुसरीला वाचता येत नाही, हा नियम सुरुवातीपासून आहे तो याचसाठी.

लॉग-इन टिकून राहणं, भाषेची निवड लक्षात राहणं, खरेदीची पिशवी भरलेली राहणं, हे सगळं आजही कुकीमुळेच होतं. या कुकीज नसतील तर वेब वापरणं जिकिरीचं होईल. वाद यांच्यावरून नाही.

न बोलावलेला पाहुणा

वाद आहे तो 'थर्ड-पार्टी' म्हणजे तिसऱ्याच पक्षाच्या कुकीजवरून.

समजा, पुण्यातल्या एका गृहिणीने एका दुकानाच्या वेबसाइटवर प्रेशर कुकर पाहिला आणि न घेताच पान बंद केलं. संध्याकाळी ती क्रिकेटचा स्कोअर बघायला वेगळ्याच वेबसाइटवर गेली आणि तिथे तोच कुकर जाहिरातीत हजर. दुकानाने स्कोअरच्या वेबसाइटला काही सांगितलेलं नसतं. दोन्ही पानांवर एकाच जाहिरात कंपनीचा कोड बसवलेला असतो. पान उघडताच तो कोड जाहिरात कंपनीच्या सर्व्हरशी बोलतो आणि तिची कुकी ब्राउझरमध्ये ठेवतो. दुसऱ्या वेबसाइटवर तोच कोड तीच कुकी वाचतो. म्हणजे 'एका वेबसाइटची कुकी दुसरीला वाचता येत नाही' हा नियम मोडलेला नसतो. मात्र जाहिरात कंपनी सगळीकडे हजर असल्यामुळे त्या नियमाचा हेतू निष्फळ होतो.

क्रमांकामागे नाव नसलं तरी सवयी जमा होतात. कुठली औषधं शोधली, कुठल्या शहरात घर पाहिलं, रात्री किती वाजता कर्जाची चौकशी केली. यातून माणसाची एक प्रतिमा तयार होते आणि तिच्यावर जाहिरातींची बोली लागते.

हे अचानक घडलेलं नाही. इंटरनेटची तांत्रिक मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेने १९९७ मध्येच म्हटलं होतं की अशा तिसऱ्या पक्षाच्या कुकीज ब्राउझरने मुळात येऊ देऊ नयेत, निदान आपोआप तरी नकोत. पण तेव्हाच्या दोन्ही मोठ्या ब्राउझरांनी, नेटस्केप आणि इंटरनेट एक्सप्लोररने, ती सूचना पाळली नाही. ऑनलाइन जाहिरातीचा धंदा नुकताच उभा राहत होता. तो पुढे इतका वाढला की या क्षेत्रातली डबलक्लिक ही कंपनी विकत घेण्यासाठी गूगलने २००७ मध्ये ३.१ अब्ज डॉलरचा सौदा केला.

दुसरी बाजूही पाहायला हवी. वेबवरच्या बातम्या, पाककृती, अभ्यासाचे व्हिडिओ बहुतांशी फुकट मिळतात ते जाहिरातींमुळे. मराठीतल्या लहान वेबसाइट्सना वाचकांकडून वर्गणी मिळणं कठीण असतं. त्यांचा खर्च जाहिरातींवरच निघतो. त्यामुळे जाहिरात असावी की नसावी, हा खरा प्रश्न नाही. जाहिरातीसाठी माणसाचा माग काढायचा असेल तर त्याला विचारलं जातं का आणि त्याला 'नाही' म्हणता येतं का, हा प्रश्न आहे.

युरोपने विचारायला लावलं, पण...

युरोपियन युनियनने २००९ मध्ये आपल्या जुन्या निर्देशात दुरुस्ती केली. वापरकर्त्याच्या यंत्रात काही साठवण्यापूर्वी त्याची संमती घ्या, असं त्यात म्हटलं होतं. लॉग-इन किंवा खरेदीसाठी लागणाऱ्या आवश्यक कुकीज यातून वगळलेल्या होत्या. त्यानंतर २५ मे २०१८ पासून जीडीपीआर हा कडक कायदा लागू झाला. संमती मोकळेपणाने दिलेली, विशिष्ट कारणासाठी, माहिती घेऊन आणि निःसंदिग्ध असली पाहिजे, अशी व्याख्या त्याने केली. मोठा दंडही ठेवला.

यातून वेबसाइट्सनी पळवाटा शोधल्या. काहींनी चौकटीत आधीच टिक करून ठेवली, म्हणजे वाचकाने काहीच केलं नाही तरी संमती धरली जाईल. जर्मनीतल्या एका ऑनलाइन सोडतीच्या वेबसाइटवरून हे प्रकरण युरोपियन युनियनच्या न्यायालयात गेलं. आधीच केलेली टिक ही संमती नाही, असा निकाल १ ऑक्टोबर २०१९ रोजी लागला.

मग दुसरी युक्ती आली. 'हो' एका क्लिकवर आणि 'नाही' चार पानं आत. फ्रान्सच्या डेटा संरक्षण संस्थेने, म्हणजे सीएनआयएलने, जानेवारी २०२२ मध्ये याच कारणासाठी गूगलला १५ कोटी युरो आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड जाहीर केला. स्वीकारणं जितकं सोपं आहे तितकंच नाकारणं सोपं नाही, हा आक्षेप होता. त्यानंतर काही महिन्यांतच गूगलने युरोपात 'रिजेक्ट ऑल' हे बटण 'ॲक्सेप्ट ऑल'च्या शेजारी आणलं.

म्हणजे बटण देणं तांत्रिकदृष्ट्या अवघड कधीच नव्हतं. दंडाची रक्कम दिसेपर्यंत ते द्यायची गरज वाटली नव्हती.

उत्तर बटणाची जागाच ठरवते

एका बटणावरून एवढा आटापिटा का, याचं उत्तर संशोधनात मिळतं. ब्रिटन, डेन्मार्क आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी २०२० मध्ये ब्रिटनमधल्या लोकप्रिय वेबसाइट्सवरच्या संमतीच्या पट्ट्या तपासल्या. कायद्याच्या किमान अटी पाळणाऱ्या पट्ट्या अवघ्या ११.८ टक्के निघाल्या. याच अभ्यासात लोकांवर प्रयोगही केला होता. 'नाकारा' हे बटण पहिल्या पानावरून काढून टाकलं तर संमतीचं प्रमाण २२ ते २३ टक्के बिंदूंनी वाढतं, असं त्यात दिसलं.

याचा अर्थ सरळ आहे. त्या लोकांचं मत बदललं नव्हतं, फक्त बटण हललं होतं. तेवढ्याने जे उत्तर बदलतं, त्याला वापरकर्त्याची निवड म्हणणं अवघड आहे.

मजकूर वाचून निर्णय घ्या, हा सल्लाही कामाचा नाही. अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी २००८ मध्ये हिशेब केला होता. एका माणसाने वर्षभरात भेट दिलेल्या प्रत्येक वेबसाइटचं खासगीपणाचं धोरण वाचायचं ठरवलं तर त्याला २०० तासांहून अधिक वेळ लागेल. हा हिशेब स्मार्टफोन घरोघरी पोचण्याच्या आधीचा आहे.

अशा फसव्या रचनांना 'डार्क पॅटर्न' म्हणतात. हॅरी ब्रिग्नल या ब्रिटिश डिझाइनरने २०१० मध्ये हा शब्द वापरात आणला. भारतातही तो आता अधिकृत आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मार्गदर्शक तत्त्वं जारी करून १३ प्रकारच्या डार्क पॅटर्नवर बंदी घातली. 'फक्त एकच नग शिल्लक' अशी खोटी घाई लावणं, न मागितलेली वस्तू पिशवीत घुसवणं, 'नको, मला पैसे वाचवायचे नाहीत' असं लिहिलेलं बटण ठेवून माणसाला लाजवणं, पुन्हा पुन्हा तेच विचारून हैराण करणं, हे सगळं त्या यादीत आहे. एक पर्याय उठावदार आणि दुसरा फिका करून दिशाभूल करणं हेही आहे. कुकीची पट्टी नेमकं हेच करते.

गूगलचं येरे माझ्या मागल्या

पट्टीचा वाद सुरू असतानाच दुसरा मार्गही समोर होता. प्रत्येक वेबसाइटने विचारण्यापेक्षा ब्राउझरनेच तिसऱ्या पक्षाच्या कुकीज बंद केल्या तर? ॲपलच्या सफारीने मार्च २०२० मध्ये त्या पूर्ण बंद केल्या. फायरफॉक्सने २०१९ पासून माग काढणाऱ्या ओळखीच्या कुकीज आपोआप रोखायला सुरुवात केली.

जगात सर्वाधिक वापरला जाणारा ब्राउझर मात्र गूगलचा क्रोम आहे. भारतातल्या बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये तो आधीपासूनच असतो. जानेवारी २०२० मध्ये गूगलने जाहीर केलं की दोन वर्षांत क्रोममधूनही या कुकीज जातील. मुदत पुढे ढकलली गेली. पुन्हा ढकलली गेली. जानेवारी २०२४ मध्ये क्रोमच्या १ टक्का वापरकर्त्यांसाठी त्या खरोखर बंद झाल्या. मग जुलै २०२४ मध्ये गूगलने बेत बदलला. त्याऐवजी वापरकर्त्याला एकदाच ठळकपणे विचारू, असं सांगितलं. एप्रिल २०२५ मध्ये तेही रद्द झालं.

यामागे एकच कारण नव्हतं. प्रकाशक आणि जाहिरात कंपन्यांचा विरोध होता. कुकीज गेल्या तर जाहिरातीच्या बाजारावर गूगलचीच पकड घट्ट होईल, अशी ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाला चिंता होती. निष्पत्ती मात्र एकच. क्रोममध्ये या कुकीज आजही सुरू आहेत आणि त्या बंद करण्याची जबाबदारी वापरणाऱ्यावर आहे.

भारताचा कायदा काय म्हणतो?

या कायद्याची मुळं २०१७ मध्ये आहेत. न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने निकाल दिला की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यानंतर मसुदे आले आणि गेले. अखेर ऑगस्ट २०२३ मध्ये कायदा झाला.

कायद्यात 'कुकी' हा शब्द कुठेच नाही. पण ज्या माहितीवरून माणूस ओळखता येतो ती सगळी वैयक्तिक माहिती, अशी व्यापक व्याख्या आहे. त्यामुळे माणसापर्यंत पोचवणारा ओळख क्रमांकही तिच्यात बसू शकतो. सामान्य वापरकर्त्यासाठी चार तरतुदी महत्त्वाच्या आहेत.

पहिली, संमती मोकळी, विशिष्ट, माहितीपूर्ण, बिनशर्त आणि निःसंदिग्ध हवी, आणि ती स्पष्ट कृतीतून दिलेली हवी. गप्प राहणं म्हणजे होकार, असं धरता येणार नाही.

दुसरी, कामापुरतीच माहिती. कायद्यातच याचं उदाहरण दिलंय. डॉक्टरांचा सल्ला देणाऱ्या एका ॲपने उपचारासाठी माहिती मागितली आणि सोबत फोनमधले सगळे कॉन्टॅक्टही मागितले. वापरणारीने दोन्हींना 'हो' म्हटलं. तरीही तिची संमती उपचारापुरतीच धरली जाईल, कारण सल्ला देण्यासाठी कॉन्टॅक्टची गरज नाही. म्हणजे घाईत दाबलेलं 'ॲक्सेप्ट'सुद्धा कंपनीला हवं ते घ्यायची मुभा देत नाही. ही तरतूद युरोपच्या पट्टीपेक्षा कितीतरी जास्त उपयोगाची ठरू शकते.

तिसरी, संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं असलं पाहिजे.

चौथी, भाषा. संमतीची विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कुठल्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागेल. म्हणजे मराठीत सूचना मिळणं हा वापरकर्त्याचा हक्क असेल, कोकणीतही. सूचना सोप्या भाषेत, इतर कागदपत्रं न वाचता समजेल अशी हवी. कोणती माहिती आणि कशासाठी, याची यादी त्यात हवी.

मराठीपुरतं बोलायचं तर इथेच खरी परीक्षा आहे. इंग्रजी मजकूर यंत्राने भाषांतरित करून 'आपण याद्वारे सदर प्रक्रियेस सहमती दर्शवता' अशी वाक्यं लिहिली तर तांत्रिकदृष्ट्या ते मराठी होईल. नाशिकच्या द्राक्ष बागायतदाराला किंवा परभणीच्या अंगणवाडी सेविकेला त्यातून काही कळणार नाही. 'तुम्ही कुठे आहात ते आम्हाला कळेल आणि त्यावरून जाहिराती दाखवू' हे साधं वाक्य लिहिलं जाईल का, यावर त्या हक्काचा अर्थ अवलंबून आहे.

मेख कुठे आहे?

कायदा कागदावर चांगला असला तरी काही शंका उरतात.

एक म्हणजे दंड. २५० कोटी रुपयांचा आकडा सतत चर्चेत असतो. पण ती कमाल मर्यादा माहितीच्या सुरक्षेत हलगर्जी झाल्याबद्दल आहे. संमतीची तरतूद मोडली तर ती 'इतर तरतुदीं'मध्ये येते आणि तिथे कमाल मर्यादा ५० कोटी आहे. शिवाय ही रक्कम सरकारच्या तिजोरीत जमा होते. ज्याची माहिती गैरवापरली गेली त्याला भरपाई देण्याची सोय या कायद्यात नाही. उलट माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं भरपाईचं जुनं कलम काढून टाकण्याची तरतूद यात आहे. आणि खोटी किंवा उथळ तक्रार केली तर वापरकर्त्यालाच १० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

दुसरी शंका 'घ्या नाहीतर सोडा' या पद्धतीची. २०२१ मध्ये व्हॉट्सॲपने नवं धोरण आणलं तेव्हा भारतीयांसमोर ते मान्य करण्यावाचून पर्याय ठेवला नव्हता. भारतीय स्पर्धा आयोगाने त्यावरून नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. पण तो स्पर्धा कायद्याखाली, आणि घटनेनंतर तीन वर्षांहून जास्त काळाने. ज्या ॲपवर शाळेचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप आणि गावाकडचे नातेवाईक सगळे आहेत, त्याला 'नाही' म्हणायचं कसं?

तिसरी शंका मुलांची. १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागेल. मुलांचा माग काढायला आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवायला मनाई आहे. काही अपवाद आहेत. पण ज्या घरात एकच फोन आईच्या हातातून मुलीकडे आणि मुलीकडून आजीकडे जातो, तिथे समोर कोण आहे हे वेबसाइटला कळणार कसं? त्यासाठी प्रत्येकाच्या वयाचा पुरावा मागितला तर खासगीपणा जपण्यासाठी आणखी माहिती द्यावी लागेल.

यावर भारताच्या कायद्यात एक वेगळी सोय आहे, 'कन्सेंट मॅनेजर'. सरकारी मंडळाकडे नोंदणी झालेली, किमान २ कोटी रुपयांची नक्त मालमत्ता असलेली भारतीय कंपनी हे काम करू शकेल. कोणाला कोणती परवानगी दिली आहे ते एकाच जागी पाहायचं आणि तिथूनच मागे घ्यायचं. नीट चाललं तर शंभर पट्ट्यांऐवजी एक पान. युरोपचा ताजा प्रस्तावही याच दिशेचा आहे. एका क्लिकवर नकार, नकार दिल्यावर सहा महिने पुन्हा विचारायचं नाही, आणि पुढे ब्राउझरमध्ये एकदा पसंती नोंदवली की सगळ्या वेबसाइट्सनी ती पाळायची. त्याला अजून तिथल्या संसदेची आणि सदस्य देशांची मान्यता लागेल.

कुकी बंद केली की सुटका होते?

पूर्ण नाही. कुकी हा माग काढण्याचा एक मार्ग आहे, एकमेव नाही.

जून २०२५ मध्ये स्पेन, नेदरलँड्स आणि बेल्जियममधल्या संशोधकांनी एक प्रकार उघड केला. अँड्रॉइड फोनमध्ये फेसबुक किंवा इन्स्टाग्राम ॲप असेल, तर ब्राउझरमध्ये उघडलेल्या वेबसाइटवरचा मेटाचा कोड त्या ॲपशी फोनच्या आतल्या आत बोलत होता. त्यामुळे ब्राउझरमधली भटकंती थेट माणसाच्या खात्याशी जोडली जाऊ शकत होती. कुकीज पुसल्या किंवा इन्कॉग्निटो वापरलं तरी त्याने फरक पडत नव्हता. हे उघड झालं त्याच दिवशी मेटाने तो प्रकार थांबवला.

इन्कॉग्निटोबद्दलचा गैरसमजही मोठा आहे. ते फोनमधला इतिहास लपवतं, म्हणजे घरातल्या दुसऱ्या माणसाला दिसत नाही. वेबसाइटला आणि जाहिरात कंपनीला भेट दिसतच असते. यावरून अमेरिकेत झालेल्या खटल्यात गूगलने २०२४ मध्ये अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचं मान्य केलं.

तोपर्यंत काय करता येईल?

मे २०२७ ला वेळ आहे. पण काही गोष्टी आजच पाच मिनिटांत होण्यासारख्या आहेत.

– क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'थर्ड-पार्टी कुकीज' शोधून त्या 'ब्लॉक' करा. एखादी वेबसाइट त्यामुळे अडली तर तेवढ्यापुरती सूट देता येते. आवश्यक कुकीज सुरूच राहतात, त्यामुळे लॉग-इन सहसा जात नाही.

– पट्टीवर 'रिजेक्ट ऑल' असेल तर तेच दाबा. बातमी तशीच वाचता येते. ते बटण नसेल तर 'मॅनेज' किंवा 'सेटिंग्ज'मध्ये जा. तिथे बहुतेक चौकटी बंद असतात आणि फक्त 'सेव्ह' म्हणावं लागतं.

– फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवरची लिंक ॲपच्याच आतल्या खिडकीत उघडते. क्रोममधल्या सेटिंग्ज तिथे लागू होत नाहीत. कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर जाऊन 'ब्राउझरमध्ये उघडा' हा पर्याय निवडा, विशेषतः आजार, पैसे किंवा नोकरीबद्दल काही वाचायचं असेल तेव्हा.

– 'नोटिफिकेशन पाठवू का?' ही वेगळी परवानगी आहे. अनोळखी वेबसाइटला 'अलाऊ' म्हटलं की लॉटरी आणि 'फोनमध्ये व्हायरस' असल्या जाहिराती सुरू होऊ शकतात. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये ती यादी उघडून नको त्या वेबसाइट्स काढून टाका. घरातल्या ज्येष्ठांच्या फोनमध्ये हे आधी तपासा.

– फोनच्या सेटिंग्जमध्ये कुठल्या ॲपला कॉन्टॅक्ट, लोकेशन आणि मायक्रोफोनची परवानगी आहे ते पाहा. टॉर्चच्या ॲपला कॉन्टॅक्ट लागत नाहीत.

नकाराची किंमत

युरोपचा कायदा वाईट नव्हता. तो विचारायला सांगत होता आणि वेबसाइट्सनी विचारलं. पण कसं विचारायचं हे ज्यांना 'हो' हवं होतं त्यांच्याच हाती राहिलं. 'नाही' म्हणण्यासाठी चार क्लिक जास्त लागले आणि एवढी छोटी किंमतही कोट्यवधी लोकांनी रोज मोजली नाही. त्याला कंपन्यांनी संमती म्हटलं.

भारतात आता पुढच्या काही महिन्यांत कंपन्यांचे डिझाइनर नव्या पट्ट्या बनवायला बसतील. डेटा संरक्षण मंडळ आपल्या पहिल्या काही प्रकरणांत काय चालतं आणि काय नाही हे ठरवेल. तेव्हा पट्टीवर किती कलमं लिहिली आहेत हे मोजण्यापेक्षा एक गोष्ट पाहिली तरी पुरेल. 'नको' हे बटण 'हो'च्या शेजारी, त्याच आकाराचं, त्याच रंगाचं आणि मराठीत आहे का? ते तसं दिसलं, तर कायदा फोनच्या स्क्रीनपर्यंत पोचला असं म्हणता येईल.